वास : काही नाही

आमच्या वॉर्डात येणारा माणूस आधी खोटं बोलतो आणि मग उलटी करतो. वॉर्ड विषबाधेचा आहे, त्यामुळे याचं नवल वाटायला नको. कुणी 'चुकून' प्यालेला असतो, कुणी 'जेमतेम एक घोट' प्यालेला असतो, आणि कुणी तर काहीच खाल्लेलं-प्यालेलं नसतं, तरी त्याचे ओठ निळे पडलेले असतात. मी वॉर्डाला लागून असलेल्या प्रयोगशाळेत रक्त तपासतो. रक्ताला थापा मारता येत नाहीत, म्हणून माझं त्याच्याशी बरं जमतं. माणसांशी बोलायचं काम नाकबाईंचं.

नाकबाई हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. कागदोपत्री त्या 'चौकशी सहायक'. पेशंटकडून आणि नातेवाइकांकडून चार पानी फॉर्म भरून घ्यायचा: काय खाल्लं, काय प्यालं, काय हुंगलं, कशाला हात लावला. मग पेशंटच्या घरी जायचं आणि दारापासून मोरीपर्यंत हुंगत फिरायचं. शेवटच्या पानावर एक रकाना असायचा, 'वास'. तो त्यांनी लिहिला की आमच्याकडे ब्रह्मवाक्य. आता एवढ्या नावाजलेल्या नाकाची बाई म्हटल्यावर तुम्ही मनात काही तरी धारदार, सरळ नाक आणलं असेल. तर तसं काही नाही. बाईंचं नाक चांगलं नकटं होतं, आणि त्यावर चष्मा टिकत नसे म्हणून तो दोरीने मानेत अडकवलेला असे.

पण काम चोख. एका शाळामास्तरच्या घामाला लसणाचा वास यायचा, आणि घरात लसणाची पाकळी नव्हती. डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या, तोंडातून लाळ. मास्तर शपथेवर सांगत होता की मी कशाला हात लावलेला नाही. नाकबाईंनी त्याच्या गच्चीतल्या गुलाबांपाशी जाऊन दोन मिनिटं डोळे मिटले आणि परत येऊन त्याची खोकल्याची बाटली मागितली. मास्तर गुलाबांवरचं फवारणीचं औषध त्याच बाटलीच्या झाकणाने मोजत होता आणि रात्री त्याच झाकणाने खोकल्याचं घेत होता. झाकण धुवायचं असतं हे तो मुलांना शिकवत असेल, घरी शिकायला विसरला. दुसऱ्या एका जोडप्याला फक्त सुट्टीच्या दिवशी चक्कर यायची. तिथे बाईंच्या नाकाने काहीच केलं नाही, कारण कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. त्यांनी न्हाणीघराची खिडकी पाहिली. थंडी येते म्हणून नवऱ्याने ती चिकटपट्टीने बंद केली होती, आत गॅसचा गीझर होता, आणि दोघं सुट्टीलाच सावकाश अंघोळ करत. तरी श्रेय नाकालाच मिळालं. लोकांना एकदा गोष्ट आवडली की ते तपशिलाने बिघडू देत नाहीत.

अठरा वर्षांत नाकबाईंच्या एकाही फॉर्मवर खाडाखोड नव्हती. त्यांना त्याचा गर्व होता आणि त्या तो लपवतही नसत.

आता साहेबांबद्दल. साहेब म्हणजे आमचे विभागप्रमुख. माणूस हुशार, यात वाद नाही; वाद असता तर त्यांनीच मिटवला असता. त्यांना साध्या विषाचा कंटाळा होता. फिनेल प्यालेला पेशंट आला की ते कनिष्ठ डॉक्टरांकडे ढकलत. त्यांना हवं असे ते पुस्तकात एका ओळीपुरतं येणारं विष, ज्यावर परिषदेत अर्धा तास बोलता येतं. नाकाने कांदे सोलण्यात तर त्यांचा हात कुणी धरला नसता. अशा माणसाच्या हातात ती म्हातारी आली.

म्हातारी सत्तरीची, पिवळीधमक, लघवीचा रंग काळ्या चहासारखा. मी रक्ताचा थेंब काचेवर पसरून पाहिला तर तांबड्या पेशी कुरतडलेल्या, एखाद्या पोराने पोळीच्या कडेला चावा घेऊन परत ताटात ठेवावी तशा. म्हणजे काही तरी शरीरात जाऊन रक्त फोडत होतं. मी तसं लिहिलं. तिला रक्त चढवलं, मूत्रपिंडं तुंबू नयेत म्हणून सलाइन धो धो चालवलं, आणि आठ दिवसांत बाई टुणटुणीत होऊन घरी गेली. सहा आठवड्यांनी परत आली. तोच रंग, त्याच कुरतडलेल्या पेशी. पुन्हा आठ दिवसांत बरी.

साहेबांचे डोळे चमकले. दवाखान्यात बरी होते, घरी आजारी पडते. त्यांनी मुलाला एकच प्रश्न विचारला, घरी स्वयंपाक कोण करतं? मुलगा म्हणाला, बायको. झालं. सासू आजारी आणि सून चुलीपाशी, एवढ्या पुराव्यावर आपल्याकडे माणसं निकाल देऊन चहा प्यायला मोकळी होतात. साहेब 'सोमल', म्हणजे आर्सेनिक, हा शब्द थेट म्हणाले नाहीत. फक्त नमुने बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवताना मुलासमोर मोठ्याने म्हणाले की काही धातूंची शंका आहे, आणि तो शब्द मुलाच्या डोक्यात रुजेल एवढा वेळ थांबले.

नाकबाई त्या घरी जाऊन आल्या. तीन खोल्या, ओट्याखालचं कपाट, औषधांचा खोका, माळा, म्हातारीचं कपाट, सगळं उघडून हुंगलं. उंदराचं औषध नाही, कीटकनाशक नाही, रंग नाही, जुनं पॉलिश नाही. फॉर्मच्या शेवटच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'वास : काही नाही.' आणि दुसऱ्या दिवशी लेकीच्या बाळंतपणासाठी परगावी निघून गेल्या. चांगल्या महिनाभर.

त्या महिन्यात बरंच घडलं. बाईंनी घर स्वच्छ ठरवलं म्हणजे घरातल्या वस्तूंचा दोष नाही. मग उरला माणूस. मुलाने पोलिसांत लेखी तक्रार दिली. पुरावा म्हणून नाकबाईंच्या फॉर्मची प्रत जोडली. सुनेला तीनदा चौकीवर बोलावून चार-चार तास बसवलं, मग नवऱ्याने तिला माहेरी धाडलं. चार वर्षांची मुलगी मात्र त्याने आपल्या बहिणीकडे ठेवून घेतली. विष घालणाऱ्या बाईच्या हाती मूल कसं द्यायचं, असं तो सगळ्यांना सांगत असे. फौजदार सुनेला म्हणाला, की वॉर्डाचा शेवटचा अहवाल येईपर्यंत मला काही करता येणार नाही. म्हणून ती रोज सकाळी आमच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर येऊन बसायची, अहवाल आला का विचारायला. मुलीचा एक मोजा तिच्या पर्समध्ये होता. एकच. गडबडीत तेवढाच आला असावा.

आणि ती माहेरी गेल्याला तीन आठवडे झाले असताना म्हातारी तिसऱ्यांदा पिवळी पडून दाखल झाली.

तुम्ही म्हणाल, सुटली बिचारी. सून घरात नाही आणि सासू आजारी, म्हणजे सुनेचा संबंध नाही. पण हे तुम्हाआम्हाला सुचतं, कारण आपल्याला परिषदेत बोलायचं नसतं. साहेब म्हणाले, जाण्याआधी डब्यांतून कालवून गेली असणार. मुलाने घरी जाऊन पीठ, तांदूळ, डाळी, साखर, सगळे डबे कचऱ्यात रिकामे केले. साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ते हेच. बाहेरच्या प्रयोगशाळेचा निकाल आला: सोमल नाही, पारा नाही, शिसं नाही. साहेब म्हणाले, पक्की आहे. म्हणजे विष सापडलं असतं तर ती गुन्हेगार, आणि सापडलं नाही तर हुशार गुन्हेगार. त्यांच्या भाषणाचं शीर्षकही ठरलं होतं, त्यात 'घरगुती' आणि 'संथ' असे दोन्ही शब्द होते.

आणि मी काय करत होतो? मी मूग गिळून बसलो होतो. सोमल चारल्यावर रक्ताच्या पेशी अशा कुरतडल्यासारख्या दिसत नाहीत, हे मला माहीत होतं. पण माझ्याकडून आकडे मागतात, मतं मागत नाहीत, असं मी स्वतःला समजावत होतो. जाता-येता त्या बाकासमोरून जावं लागू नये म्हणून मी जिना बदलला. हे लिहिताना मला लाज वाटते, आणि वाटायलाच हवी.

नाकबाई रजेवरून परतल्या ती सकाळ मला लख्ख आठवते. वॉर्डाच्या दारातच थबकल्या, दोनदा शिंकल्या आणि मला म्हणाल्या, हा कसला घाण वास? मी म्हटलं, कसला? नर्सना विचारलं, त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. बाई सरळ चादरी ठेवायच्या खोलीत गेल्या आणि कपाटं उघडली. फळीफळीवर चादरींच्या घड्यांमध्ये पांढऱ्या डांबरगोळ्या. झुरळं आणि कसर लागू नये म्हणून आमचं भांडार दरसाल पोतंभर पाठवतं. अठरा वर्षं आम्ही त्या वासात काम करत होतो, तेव्हा तो आमच्यापुरता नाहीसाच झाला होता. महिनाभर बाळंतिणीच्या खोलीत राहून आलेल्या नाकाला तो आज पहिल्यांदा आला.

नाकबाई तिथल्या स्टुलावर बसल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"इथे मला हा वास अठरा वर्षं आला नाही," त्या म्हणाल्या, "तर त्या घरात मला काय आलं नसेल?"

मग त्यांना बाहेरच्या बाकावर कोण बसलंय आणि कशामुळे, ते कळलं. कुणी सांगितलं? मीच. सगळं सांगितलं, पेशींसकट. त्यांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही. फक्त म्हणाल्या, चला माझ्याबरोबर. नाक तुमचं कामाचं नाही, पण डोळे आहेत ना.

वॉर्डात दहा मिनिटंही न थांबता आम्ही निघालो. मुलगा कामाला निघतच होता, त्याने कुरकुरत दार उघडलं. म्हातारीच्या खोलीत शिरताच बाईंनी हात वर केला. मला काहीही येत नव्हतं. कपाटात कपड्यांच्या घड्यांत डांबरगोळ्या होत्या; मुलगा म्हणाला, त्या सगळ्यांकडेच असतात. बाई कपाट सोडून पलंगाकडे गेल्या. उशी हुंगली, उशीचा अभ्रा उलटा करून हुंगला. मग उशाखालचा कप्पा ओढला. आत चेहऱ्याला लावायच्या पावडरचा चपटा डबा. त्यात अकरा डांबरगोळ्या, आणि बारावी झिजून अर्धी झालेली, एका बाजूने गुळगुळीत. खडीसाखर चघळून तोंडातून काढून ठेवली तर दिसेल तशी.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं मी पुटपुटलो. बाईंनी मला गप्प राहायला सांगितलं. कळसा त्यांच्याच काखेत होता.

आम्ही परत आलो. म्हातारी उठून बसली होती, दूध पीत होती. बाईंनी तिच्या पलंगाजवळ खुर्ची ओढली आणि पावडरचा डबा चादरीवर ठेवला. मला वाटलं, म्हातारी आकांडतांडव करेल. ती दुधाचा कप खाली ठेवून हळूच म्हणाली, "मी गिळत नाही हं. नुसती चघळते."

किती? दिवसाला दोन. मन खट्टू असलं तर तीन. केव्हापासून? पाठीचं दुखणं लागून घरात बसावं लागलं तेव्हापासून, सहा-सात महिने झाले. त्याआधी? त्याआधी पोटुशी असताना पाटीवरच्या पेन्सिली खायची, मग कधीमधी खडू. गोळ्या कोण आणून द्यायचं? "कपड्यांना हव्यात म्हणून सुनेलाच सांगायचे. बिचारी दर महिन्याला पुडा आणायची."

बाईंनी हे सगळं फॉर्मवर लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवून विचारलं, "सुनेला चौकीवर नेलं, पोरीला तिच्यापासून तोडलं, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं ना, की तुम्ही काय खाता?"

म्हातारीने नजर वळवली. "डांबरगोळ्यांनी असं होतं हे मला काय ठाऊक? आणि मला कुणी विचारलंच नाही. जो येतो तो मुलाला विचारतो. आपणहून सांगायचं म्हणजे लोक हसले असते."

लोक हसले असते. एका बाईचं घर आणि मूल गेलं ते एका म्हातारीचं हसू व्हायला नको म्हणून. पण दुसरंही खरं होतं, आणि ते मला जास्त झोंबलं. आमच्या चार पानी फॉर्मवर तिन्ही वेळा उत्तरं मुलाची होती. पेशंट शुद्धीवर, बोलती, खणखणीत आवाजाची, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं. साहेबांनी नाही, नाकबाईंनीही नाही. मुलगा नीटनेटका, शर्ट इस्त्रीचा, पटापट उत्तरं देणारा. आम्हाला तो सोयीचा वाटला.

रक्त फुटत असताना पुढची तपासणी फसवी येते, म्हणून मी ती काही आठवडे थांबून केली. म्हातारीच्या रक्तात तांबड्या पेशींना सांभाळणारं एक एन्झाइम जन्मापासून कमी होतं. दुसऱ्याला कदाचित एवढं भोवलं नसतं ते तिला भोवलं. पण त्या दिवशी तेवढं थांबायला कुणाला वेळ होता? बाकावर सून बसलेली होती.

साहेबांना कळलं तेव्हा ते क्षणभर पडले, पण पडले तरी नाक वर. त्यांनी नाकबाईंना केबिनमध्ये बोलावलं. मी रक्ताचे कागद घेऊन तिथेच होतो. साहेब म्हणाले, उत्तम, फार दुर्मिळ आहे हे, सोमलापेक्षा दुर्मिळ. भाषण बदलायला हरकत नाही. मात्र जुन्या फॉर्मला हात लावू नका. 'वास नाही' तर नाही. डबा नंतर तिथे आला असेल असं मोघम लिहू.

"नंतर कुणी ठेवला, असं फौजदार विचारेल," नाकबाई म्हणाल्या.

साहेब म्हणाले, तो त्याचा प्रश्न. आणि मग जरा मऊ आवाजात, "बाई, अठरा वर्षांत तुमच्या कागदावर एक खाडाखोड नाही. हा वॉर्ड तुमच्या नाकावर चालतो. त्या नाकावरचा विश्वास गेला तर जुनी शंभर प्रकरणं उकरतील लोक. कशाला?"

मला माहीत होतं, बाईंना हे लागणार. त्यांच्याकडे होतं काय दुसरं? बढती मिळाली नव्हती, साहेबांच्या एकाही लेखात त्यांचं नाव नव्हतं. एक नाक होतं आणि त्याचं नाव होतं. मला मनातून वाटत होतं की त्यांनी मोघमच लिहावं, म्हणजे माझं मूग गिळणंही त्यात झाकलं जाईल. मी किती थोर माणूस आहे ते यावरून कळावं.

त्यांनी दोरीला लटकणारा चष्मा चढवला, जुना फॉर्म ओढला आणि 'काही नाही' या शब्दांवर सरळ रेघ मारली. खाली लिहिलं: 'वास होता. मला आला नाही. आमच्या वॉर्डात याच गोळ्या असल्यामुळे माझ्या नाकाला तो कळेनासा झाला आहे. पेशंटला मी स्वतः विचारलं नाही, ही चूक माझी. गोळ्या पेशंटने कपड्यांसाठी म्हणून मागवल्या. आणून देणाऱ्या सुनेला त्या खाल्ल्या जातात हे माहीत नव्हतं.' सही, तारीख, वेळ. मग कागद माझ्यापुढे सरकवला. मी खाली पेशींबद्दल लिहिलं आणि त्या सोमलाशी जुळत नाहीत हे मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं हेही लिहिलं. माझं अक्षर त्या दिवशी फार वाईट आलं.

फौजदाराने प्रकरण चार दिवसांत बंद केलं. साहेबांनी परिषदेत अर्धा तास भाषण केलं आणि टाळ्या घेतल्या; आता शीर्षकात 'चिकाटी' हा शब्द होता. जुनी प्रकरणं उकरायला अर्थात कुणी आलं नाही, एवढा उत्साह कुणाला असतो? पण वॉर्डात मात्र टिंगल सुरू झाली. कुणी चहाचा कप बाईंच्या नाकाखाली धरून विचारायचं, ओळखा पाहू. त्या ओळखत नसत, सरळ त्यालाच विचारत, कशाचा आहे? आणि उत्तर लिहून घेतल्यासारखी मान हलवत.

म्हातारीला सोडायचा दिवस उजाडला. मुलगा आला तो चार वर्षांच्या पोरीला घेऊनच. सूनही आली होती. पोरगी धावत जाऊन आईच्या पायांना बिलगली आणि आई खाली बसली ती बराच वेळ उठलीच नाही. नवरा दोन पावलांवर उभा राहून घसा खाकरत होता. शेवटी म्हणाला, झालं गेलं गंगेला मिळालं, आता आईला घेऊन घरी जाऊ. त्याच्या बोलण्यात माफी शोधायची तर भिंग लागलं असतं.

नाकबाई म्हातारीला घरी सोडायचा कागद भरत होत्या. त्यात एक रकाना आहे, 'घरी काळजी कोण घेणार'. त्यात त्यांनी सवयीने 'सून' लिहून टाकलं होतं, विचारण्याआधीच. अठरा वर्षं तिथे सून, नाही तर बायको, नाही तर मुलगी, हेच येत आलंय. त्यांनी तो सुनेपुढे सहीला धरला.

सुनेने वाचला. पोरीला कडेवर घेत ती म्हणाली, "तक्रारीवर ज्यांनी सही केली, त्यांची इथेही घ्या." आवाज चढवला नाही. सासूकडे एकदा पाहिलं, औषधं वेळेवर घ्या म्हणाली, आणि मुलीला घेऊन जिन्याकडे निघून गेली. नवरा अगं अगं म्हणत दारापर्यंत गेला आणि आईची पिशवी हातात असल्यामुळे तिथेच थांबला.

बाईंनी 'सून' खोडून 'मुलगा' लिहिलं. मग त्याला समोर बसवून एकेक सांगायला सुरुवात केली: लोहाच्या गोळ्या जेवणानंतर, लघवीचा रंग रोज स्वतः पाहायचा, ही औषधं कधीच द्यायची नाहीत त्यांची यादी, घरातली प्रत्येक डांबरगोळी काढून कपडे उन्हात टाकायचे, आठवड्याला रक्त, पथ्याचं जेवण ताजं, दोन वेळा, आणि आईशी दिवसातून थोडं तरी बोलत बसायचं, कारण मन खट्टू झालं की तिचा हात गोळीकडे जातो. तो फोनमध्ये टिपून घेत होता. सातव्या-आठव्या ओळीला त्याचा अंगठा थांबला.

"हे सगळं रोज करायचं?" त्याने विचारलं.

"आजवर रोजच होत होतं," नाकबाई म्हणाल्या आणि पेन त्याच्या हातात दिलं.